सोलापुरी चादरीचं शीड

“हे तुम्हाला पटणार नाही,” घाडीकाका म्हणाले, “आणि ज्याला पटेल त्याच्या डोक्याची मला काळजी वाटेल. पण झालं ते असं झालं.”

एवढं बोलून त्यांनी सोलकढीचा पेला उचलला आणि घोट घोट करत निम्मा रिकामा केला. ज्याच्याकडे सांगायला सगळं तयार असतं तो माणूस असा थांबत नाही. ज्याला अजून थोडं जुळवायचं असतं तो थांबतो.

बोरिवलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दोन माणसं जेवणाची ताटं पुढे घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती आणि तिसरं माणूस स्वयंपाकघरातून कान देऊन होतं. बसलेल्यांपैकी एक त्यांची सून रुचिरा. अंधेरीला ऑफिसात बसून दिवसभर लोकांची कामं वेळेत झाली की नाही ते बघणारी, त्यामुळे घरी आल्यावरही ती सवय न सुटलेली. दुसरे समोरच्या बिल्डिंगमधले नंदकिशोर कारखानीस, बँकेतून रिटायर झालेले, काकांचे सकाळच्या फिरण्यातले आणि सायकलवरचे दोस्त. स्वयंपाकघरात तव्याशी काकांची बायको सुगंधा. माहेर देवबागचं, दाराच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

तिघांना एकच कोडं पडलं होतं. दुपारी उत्तनला सगळ्यांच्या मागे राहिलेला, अडुसष्ट वर्षांचा, जुनी लोखंडी सायकल हाकणारा माणूस गोराईच्या धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचला कसा? बरं, रस्ता एकच. मग वाटेत तो कोणाला दिसला कसा नाही?

उत्तर अगदी सोपं होतं. फक्त ते काकांना सांगता येत नव्हतं. का, ते कळायचं तर सकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी जायला हवं.

दर वर्षी थंडीत एका रविवारी ही मंडळी सायकली काढतात. बोरिवलीहून गोराईची खाडी, सायकली होडीत घालून पलीकडे, गोराई गावातून समुद्राच्या कडेकडेने उत्तन, तिथे जेवण, आणि आल्या वाटेने परत. पूर्वी यात बरीच माणसं असायची. काहींना गुडघ्यांनी थांबवलं, काहींना बायकांनी. उरले ते तीन. पण तीन असोत की तीस, पुढे घाडीकाका. कुठे थांबायचं, कुठे चहा घ्यायचा, कोणत्या चढावर उतरून चालायचं नाही, सगळं तेच ठरवणार, आणि त्यांच्या पुढे कोणी सायकल काढायची नाही.

हे वेड त्यांना का होतं, ते सांगितलं तर हसू नका. मरोळच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला आणि उभा जन्म डोक्यावर फोरमन होता. घरी आता मुलगा सर्वेश ठरवतो आणि रुचिरा त्यात दुरुस्त्या करते. सोसायटीत चेअरमन आहे, आणि चेअरमनच्या वर त्याची बायको आहे. जगात एवढा एकच रस्ता असा होता, की जिथे काकांनी मागे वळून बघितलं तर लोक त्यांच्या मागून येताना दिसायचे.

आणि या पुढारपणाची खूण म्हणजे नारळ. निघण्याआधी गेटपाशी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायचं, ते काकांनी. घाडी आडनावाच्या माणसाला गाऱ्हाणं शिकवावं लागत नाही. गावच्या देवळात देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने बोलायचं काम त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गाऱ्हाण्यात जे बोललं ते देवाने ऐकलं, आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की त्यावर शिक्का बसला. मग ते मागे घेता येत नाही. वकिलाकडे जाऊनसुद्धा नाही.

या वर्षी गडबड अशी झाली, की निघता निघता रुचिरा हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, “बाबा, यंदा चढावर दम लागला तर उगाच ताणू नका हं. फोन करा, मी टेम्पो मागवते.”

“टेम्पो?” काका म्हणाले.

“सायकलीसकट येता येतं. आजकाल सगळे करतात.”

“सगळे करतात ना. मग मी कशाला करू?”

“आणि पुढच्या वर्षी जरा मला पुढे जाऊ द्या ना. मीपण घाडीच आहे आता.”

“आडनाव लागला म्हणून गाऱ्हाण्याचो घसो लागत नाय, बाय,” काका म्हणाले आणि त्यांनी नारळ उचलला. सुगंधाकाकू गॅलरीतून खाली बघत होत्या. वॉचमन हात जोडून उभा राहिला. तो जौनपूरचा, पण दर वर्षीच्या सवयीने त्याला कुठे काय म्हणायचं ते पाठ झालं होतं.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा.”

“आज ही तुझी लेकरां सायकलीर बसान उत्तनाक चल्ली हत. वाटेत खड्डो येवंदे, चढ येवंदे, कुत्रो मागे लागंदे, त्येंका सुखरूप परत घराक हाड म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

कारखानीस ‘होय महाराजा’ म्हणायचे. देवालाही शुद्ध मराठी कळावी अशी त्यांची अपेक्षा होती.

इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण रुचिराचा टेम्पो काकांच्या डोक्यात अजून घरघरत होता. आवाज चढवून ते म्हणाले, “आणि जर का मी, ह्यो चंद्रप्रकाश घाडी, रस्त्यार सायकल सोडून दुसऱ्या खंयच्याय वाहनात बसलंय, तर फुडल्या वर्सापासून ह्यो नारळ रुचिराच्या हातात, आणि मी तिच्या मागसून, ती सांगात तसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळ्यात मोठ्याने रुचिरा म्हणाली. वरून गॅलरीतूनही आवाज आला. वॉचमननेही साथ दिली. झालं. शिक्का बसला.

मग मात्र सकाळ अशी छान गेली की काका ते विसरूनच गेले. होडीत सायकली आडव्या टाकून खाडी ओलांडताना पाण्यावर धुकं होतं आणि मागे बोरिवलीचे टॉवर पाय नसल्यासारखे हवेत लटकत होते. पलीकडे उतरलं की शहराचा आवाज कोणीतरी बटण दाबल्यासारखा बंद होतो. गोराई गावातले रस्त्याकडेचे पांढरे क्रूस, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, वांग्याच्या शेतात वाकलेल्या बायका. काका पुढे, मान ताठ, मधूनच उगाच घंटी वाजवत. मागे कारखानीस, ज्यांच्या सायकलला गिअर इतके होते की ते बदलण्यातच त्यांचा चढ संपायचा. सगळ्यात मागे रुचिरा, जिला दोघांच्या पुढे सहज जाता आलं असतं आणि जी जात नव्हती.

“चंदू, जरा हळू,” कारखानीस मागून ओरडले.

“हळूच आहे रे. रस्ता जोरात चाललाय.”

उत्तनच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे झाडं सरतात आणि डाव्या हाताला समुद्र असा अचानक येतो, की नवखा माणूस ब्रेक दाबतो. काकांनी तो दर वर्षी बघितलेला. तरी त्यांनी ब्रेक दाबलाच. तिघं कठड्याला टेकून उभे राहिले. खाली बांबूच्या लांबच लांब मांडवांवर बोंबील जोड्याजोड्यांनी लटकत होते आणि वाऱ्याने सगळे एका बाजूला झुकत होते.

“काय वास आहे,” रुचिरा नाक दाबून म्हणाली.

“वास नाय तो,” काका म्हणाले. “ती जाहिरात आहे.”

जेवण उत्तनला एका घरगुती खानावळीत झालं. नंतर सुरूच्या बनात काकांची सोलापुरी चादर पसरली आणि तिघं आडवे झाले. ही चादर काका कॅरिअरला बांधून नेतात. कारखानीसांची घडीची चटई त्यांना मान्य नाही. एवढा दिवस सरळ गेला. वाकडा झाला तो उठल्यावर, आणि तोही मासळीपायी.

उत्तनच्या धक्क्यावर फिलोमिना नावाची एक बाई पाटी घेऊन बसली होती. पाटीत पापलेटं. काकांच्या भाषेत सरंगे, आणि त्यांच्या मते या जगात देवाने मन लावून केलेली एवढी एकच वस्तू. आता ज्याला अजून ऊन पेलत घरी जायचंय, त्याने मासळीपुढे थांबू नये. हे कारखानीसांना कळत होतं, रुचिराला कळत होतं. पण मालवणी माणूस ताज्या सरंग्यापुढून नुसता निघून गेला, असं अजून घडलेलं नाही.

“तुम्ही व्हा पुढे,” काका म्हणाले.

“तुमच्या पुढे?” रुचिराने विचारलं. “चालेल?”

“चालेल म्हणजे काय, मी गाठतो तुम्हाला चढावर. पुढारी शेवटी निघतो आणि आधी पोचतो.”

हे वाक्य त्यांनी फुशारकीने म्हटलं होतं. ते खरं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

फिलोमिनाशी घासाघीस सुरू झाली. ती म्हणाली, काका, तुमी मागच्या सालीपण असंच बोललेले. काका म्हणाले, मागच्या वर्षीचा सरंगा मोठा होता. ती म्हणाली, मागच्या वर्षी तुमचा चष्मा नवा होता. अशा गोष्टींना वेळ लागतो, आणि घाई केली तर दोघांनाही समाधान मिळत नाही. शेवटी पापलेटं पिशवीत पडली, वर तिने ओंजळभर बर्फ टाकला, आणि काकांनी टांग मारली तेव्हा पुढचे दोघं केव्हाच दिसेनासे झाले होते.

चढ लागला. काकांनी दात आवळले आणि जोर दिला. सायकलने तो जोर घेतला, आणि चेन कट्‌कन तुटून रस्त्यावर पडली. मेलेल्या सापासारखी.

काका उतरले. चेनची एक कडी उघडली होती आणि तिची पिन कुठे उडाली ते देवाला ठाऊक. ज्या माणसाने लेथवर केसाएवढ्या मापाच्या पिना बनवल्या, तो चढावर बसून गवतात पिन शोधत होता. पिन मिळाली नाही. पिशवीतला बर्फ ठिबकायला लागला. चालत निघावं, तर गोराईचा धक्का लांब आणि पापलेटांना तेवढा धीर नाही.

तेवढ्यात मागून एक छोटा टेम्पो आला, ताडपत्री लावलेला, आणि थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

“काय झाला?”

मुंबईत ‘काय झालं’ असं विचारणारे पुष्कळ असतात. ‘काय झाला’ विचारणारा एकदम घरचा. काकांचे कान उभे राहिले.

“चेन तुटली. खंयचे तुमी?”

“कळसुलीचो. धोंडू माझा नाव. तुमी?”

“हरकुळचो. घाडी.”

“अरे देवा,” धोंडू खाली उतरलाच. “माझी मावशी दिली हा हरकुळाक. घाडी म्हणजे खालच्या वाडीतले काय वरच्या?”

“वरच्या.”

“मगे तुमी आमचे पावणेच. चला, सायकल चढवया. बर्फाच्यो पेट्यो घेवन गोरायच्या धक्क्यारच चल्लंय.”

एखाद्या परक्याने विचारलं असतं तर काकांनी छाती पुढे काढून नाही म्हटलं असतं. पण गाववाल्याला, तेही मावशी वाडीत दिलेल्या गाववाल्याला, नाही कसं म्हणायचं? वर्षाच्या जत्रेत मावशी भेटणार, आणि ‘आमच्या धोंड्याच्या टेम्पोत बसाक तुमका कमीपणा वाटलो काय’ असं चारचौघांत विचारणार. काका रस्त्यात उभे राहून घामाघूम झाले. मग त्यांनी धोंडूला गाऱ्हाण्याचं सगळं सांगितलं.

धोंडूने ऐकून घेतलं. तोही तिकडचाच. ‘असल्या गोष्टी कोण मानतो’ असं तो बोलला नाही. कपाळ खाजवत त्याने विचारलं, “गाऱ्हाण्यात तुमी नेमका काय बोललास?”

“रस्त्यार सायकल सोडून दुसऱ्या वाहनात बसलंय तर.”

“सायकल सोडून.”

“व्हय.”

“मगे सायकल सोडू नुको,” धोंडू म्हणाला.

आता पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा. टेम्पोत दोन्ही बाजूंना बर्फाच्या पेट्या. मधे सायकल, दोरीने उभी बांधलेली. आणि सायकलवर, सीटवर ताठ बसून, दोन्ही हातांनी हँडल धरून, घाडीकाका. चेन नव्हती, त्यामुळे पायडल नुसतं गरगरत होतं. तरी काका ते मारत होते. देव बघत असेल तर त्याला नंतर बोलायला जागा नको. गतिरोधक आला की डोकं ताडपत्रीला लागायचं आणि काका म्हणायचे, “सांभाळून रे.” पुढून धोंडू म्हणायचा, “तुमी ब्रेक मारा.”

मागची बाजू उघडी होती. तिथून काकांना तो किनारा उलटा दिसला. सुरूची बनं, बोंबलांचे मांडव, एका वाडीतला वाळत घातलेला जाळ्यांचा ढीग, क्रूसापाशी बसलेली दोन म्हातारी माणसं, आणि या सगळ्याच्या पलीकडे चमचमणारं पाणी, एकेक करून त्यांच्यापासून लांब जात होतं. इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे राहायचं म्हणून ते फक्त खड्डे बघत आले होते. इथे पुढे कोण आहे आणि मागे कोण, कशाचीच फिकीर नव्हती. बर्फाचा गारवा पायांना लागत होता. काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी आनंदाने घंटी वाजवली.

आणि नेमक्या त्याच वेळी टेम्पो एका नारळपाण्याच्या गाडीसमोरून पुढे गेला. तिथे रुचिरा आणि कारखानीस शहाळी पीत उभे होते. काकांनी हँडलवर डोकं टेकवलं आणि श्वास रोखला. मागच्या उघड्या बाजूतून त्यांना रुचिरा दिसली. घंटीच्या आवाजाने तिने मान वळवली होती आणि ती रस्त्यावर सायकल शोधत होती. टेम्पोकडे तिने बघितलंसुद्धा नाही. टेम्पोला घंटी नसते.

गोराईच्या धक्क्यावर होडीच्या इंजिनावर काम करणारा एक मिस्त्री बसला होता. त्याने चेनच्या कडीत एक खिळा ठोकला, वरून हातोड्याचे दोन घाव घातले, आणि सायकल पुन्हा सायकल झाली. धोंडूने बर्फाच्या पेट्या उतरवल्या, पिशवीतल्या पापलेटांवर ताजा बर्फ घातला आणि “जत्रेक येवा” म्हणून निघून गेला. काकांनी चहा मागवला.

दोघं आले तेव्हा काका कठड्यावर बसून दुसरा चहा पीत होते. कारखानीसांनी सायकल थांबवली, पण उतरायचं विसरले.

“तू इथे कसा?”

“तुमची वाट बघतोय. बराच वेळ लावलात.”

“बाबा, तुम्ही मागे होतात,” रुचिरा म्हणाली.

“होतो.”

“आम्हाला ओलांडलं कधी?”

“तुम्ही शहाळं पीत होतात तेव्हा.” हे खरं होतं, म्हणून काकांनी ते फार सहजपणे म्हटलं.

“मी घंटी ऐकली होती,” कारखानीस हळू आवाजात रुचिराला म्हणाले. “आईशप्पथ, मी घंटी ऐकली होती.”

“कसे आलात ते सांगा ना, बाबा.”

“घरी सांगतो. सगळ्यांसमोर. अशी गोष्ट दोनदा सांगितली की तिचा रंग उडतो.”

खरं म्हणजे दोनदा सोडाच, ती अजून एकदा सांगण्यापुरतीसुद्धा तयार नव्हती. परतीच्या होडीत काका खाडी बघत राहिले. सरळ सांगावं का, असाही विचार मनात येऊन गेला. सायकलवरून उतरलो नाही, हे तर खरंच होतं. पण रुचिराला ते पटलं नसतं. ती ऑफिसात असल्या पळवाटा रोज पकडते. मग नारळ तिच्या हातात, आणि काका शेवटी, हेल्मेट घालून, पाणी कधी प्यायचं ते ती सांगणार. समोरून एक मच्छीमार होडी गेली. कोणीतरी तिच्या काठीवर चादर वाळत घातली होती आणि ती वाऱ्याने टम्म फुगली होती. काकांनी ती डोळ्यांआड होईपर्यंत बघितली.

तर असा तो सोलकढीचा पेला खाली ठेवला गेला.

“झालं काय,” काका म्हणाले, “सरंगे घेतले आणि समुद्राकडे बघितलं. वारा सुटला होता, उत्तरेकडून. आणि आपल्याला जायचंय दक्षिणेला. माझ्या मनात आलं, एवढा वारा फुकट चाललाय.”

“बरं,” रुचिरा म्हणाली.

“बोंबलांच्या मांडवाचा एक बांबू मोडून पडला होता. तो घेतला, कॅरिअरला उभा बांधला, आणि त्याला आपली सोलापुरी चादर लावली. चार टोकं चार सुतळ्यांनी. आणि सायकल घातली वाळूवर.”

“वाळूत सायकल रुतते,” कारखानीस म्हणाले.

“कोरड्या वाळूत रुतते, नंद्या. मी ओल्या वाळूवरून, पार पाण्याच्या कडेने. तिथली वाळू म्हणजे सिमेंट. टायरचा माग उमटत नव्हता.”

“आणि चादर फुगली.”

“फुगली? अरे, पहिल्या झोताला पुढचं चाक उचललं गेलं. मी पाय पायडलवरून काढून हँडलवर ठेवले. मारायचंच नव्हतं ना काही. डाव्या बाजूला किनारा असा सुसाट मागे पळतोय, उजव्या बाजूला लाटा. थोड्या वेळाने एक इंजिनवाली होडी माझ्या बरोबरीने आली. तिच्यावरचा तांडेल मला विचारतो, काका, डिझेल कुठलं भरता?”

स्वयंपाकघरात तव्यावर पापलेट चर्र वाजलं. कारखानीस हसायला लागले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण गोष्ट त्यांना सोडवत नव्हती. रुचिराने हाताची घडी घातली होती.

“मधे खडक आहेत, बाबा. उत्तन आणि गोराईच्या मधे. तिथे काय केलंत?”

“खडक आले ना. लांबूनच दिसले. मी चादरीचं एक टोक ढिलं केलं, अंग डावीकडे टाकलं आणि खडकांच्या नि पाण्याच्या मधून अशी काढली,” काकांनी पापलेटाच्या काट्यांमधून बोट फिरवून दाखवलं. “एक कुत्रा माझ्या मागे लागला होता. तो तिथे थांबला. त्याने हात टेकले.”

“कुत्र्याने.”

“पुढचे दोन.”

“आणि आम्ही तुम्हाला बघितलं कसं नाही?”

“तुम्ही रस्त्याने, मी किनाऱ्याने. मधे सुरूची बनं. घंटी मात्र वाजवली मी तुमच्यासाठी. नंद्याने ऐकली, विचार त्याला.”

कारखानीसांनी मान डोलावली. ते नाइलाजाने साक्षीदार झाले होते.

“म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुठल्या वाहनात बसला नाहीत,” रुचिरा म्हणाली.

“सायकल सोडली नाही,” काका म्हणाले, आणि गेल्या तासाभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज देवळातल्यासारखा स्वच्छ लागला. “देवाशपथ. होडी सोडली तर बोरिवलीपासून बोरिवलीपर्यंत माझ्या बुडाखाली दुसरी सीट आलेली नाही.”

रुचिराने हाताची घडी सोडली. शपथ घेताना सासरा खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. तिने कारखानीसांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. काकांनी भाताचा घास घेतला, आणि तो फार चवदार लागला. नारळ वाचला होता. पुढच्या थंडीत पुन्हा ते पुढे आणि बाकीचे मागे.

सुगंधाकाकू हातात उलथणं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कधीच्या, ते कोणी बघितलं नव्हतं.

“किती वाजता म्हणालात हे?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“चादर. वाळू. सगळं.”

“जेवण करून जरा आडवे झालो त्यानंतर. दीड-दोन. का गो?”

“आणि पाण्याच्या कडेची वाळू कडक होती.”

“सिमेंट.”

“पुष्कळ रुंद होती काय?”

“रुंद म्हणजे? दोन ट्रक शेजारी शेजारी गेले असते.”

काकूंनी उलथणं पदराला पुसलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “काल अवस झाली. आज दुपारी उधाणाची भरती. दीड-दोनला पाणी सुरूच्या मुळांशी असतं, वाळू बोटभरसुद्धा उघडी नसते. देवबागला आमची कोंबडीसुद्धा त्या वेळेला दारातून खाली उतरत नाही. रुचिरा, पुढच्या वर्षी नारळ तू आण गं. आणि तुम्ही आता खरं सांगा, कोणाच्या गाडीतून आलात?”